ब्लँकेट लगेच मिळतं, पगार मागावा लागतो

बेघरांच्या निवाऱ्यासाठी निधी उभा करायच्या कामाला लागले, तेव्हा माझा पहिला प्रस्ताव 200 ब्लँकेटांचा होता. तीन आठवड्यांत मंजूर झाला. डिसेंबरात रात्री अकराला पुलाखाली वाटायला गेलो, तर एका आजोबांच्या उशाशी आधीचीच तीन ब्लँकेटं घडी घालून ठेवलेली. मी चौथं पुढे केलं. ते म्हणाले, "ताई, हे राहू द्या. माझ्या आधारचं काहीतरी करा."

आजोबांनी आयुष्यभर हमाली केलेली. बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या, मशीन ठसे घेतच नव्हतं. आमचा कार्यकर्ता त्यांना तीनदा आधार केंद्रावर घेऊन गेला. पत्त्यासाठी निवाऱ्याचा दाखला जोडला, शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर नोंदणी झाली. मग बँकेचं खातं. मग श्रावणबाळ या राज्याच्या वृद्धांसाठीच्या पेन्शन योजनेचा अर्ज, आणि त्यासाठी महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा! फुटपाथवर राहणाऱ्या माणसाकडे कसला पुरावा असणार? सरकारी दवाखान्याचे जुने केसपेपर शोधण्यात एक महिना गेला. या सगळ्याला लागला तो एका माणसाचा वेळ, बसभाडं आणि झेरॉक्सचे पैसे. माझ्या प्रस्तावात यातल्या एकाही गोष्टीचा रकाना नव्हता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच मी आधी हे सांगते: देणगीदाराला वस्तू दिसते, म्हणून वस्तूसाठी पैसे लवकर मिळतात. पण माणसाला रस्त्यावरून बाहेर काढतो तो रात्रपाळीचा काळजीवाहक, कागदपत्रांच्या मागे लागणारा कार्यकर्ता, आठवड्यातून दोनदा येणारी नर्स. त्यांचा पगार मागायला शिका.

मला ते शिकायला दोन वर्षं लागली. एका कंपनीच्या सीएसआर विभागात, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा पैसा बघणाऱ्या विभागात, मला सांगितलं, "मॅडम, पगाराला 5 टक्क्यांच्या वर देता येत नाही, नियमच आहे." मी मान डोलावली आणि बजेटमधून काळजीवाहक काढून टाकले. त्याऐवजी दुमजली पलंग मिळाले. आमच्याकडचे निम्मे लोक साठीच्या पुढचे, वर चढणार कोण? वरच्या पलंगांवर आम्ही पेट्या ठेवायला लागलो, आणि खाली रात्री उठून पडणाऱ्याला धरायला एकच माणूस. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो नियम मी स्वतः वाचला नव्हता.

नियमातली 5 टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला, तिच्या एकूण सीएसआर खर्चाच्या प्रमाणात. एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवायचा आणि त्यावर देखरेख ठेवायची, तो खर्च यात धरतच नाहीत. म्हणजे निवाऱ्यातला काळजीवाहक हा प्रशासकीय खर्च नव्हे, तोच प्रकल्प आहे. आमच्या संस्थेचे हिशेब बघणाऱ्या काकांनी नियमाची ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करून माझ्यासमोर ठेवली. तेव्हापासून मी बजेटमध्ये नुसतं 'मानधन' लिहीत नाही. 'काळजीवाहक, तीन पाळ्या' असं लिहिते आणि प्रत्येक पाळीत तो काय करतो ते खाली मांडते. समोरचे अधिकारी बहुतेक वेळा समजून घेतात. त्यांनाही वरती उत्तर द्यायचं असतं, ते उत्तर आपण तयार करून दिलं की काम सोपं होतं.

दुसरी अडचण शब्दांची. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सीएसआरचा पैसा कशावर खर्च करता येतो याची यादी आहे. त्यात भूक आणि दारिद्र्य निर्मूलन आहे, महिला आणि अनाथांसाठी घरं आहेत, वृद्धाश्रम आहेत. 'बेघर' हा शब्द मात्र नाही. त्यामुळे आपलं काम कोणत्या कलमात बसतं ते पहिल्याच पानावर लिहा, वाचणाऱ्याला शोधायला लावू नका. आणि जमेल तिथे 'चालू प्रकल्प' म्हणून मागणी करा. त्यात सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत पैसा मिळू शकतो. एका वर्षात कोणी फुटपाथवरून भाड्याच्या खोलीत पोहोचत नाही. दरवर्षी मार्चअखेर आपला कार्यकर्ता राहतो की जातो अशी धाकधूक असेल, तर त्याच्या भरवशावर असलेली माणसंही टांगणीला लागतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, 12ए (संस्थेच्या करमाफीसाठी), 80जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) आणि सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) हे सगळं एका फाइलमध्ये तयार हवं. सीएसआर-1 हे 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचं आहे. देणग्यांचं 10बीडी हे विवरण प्राप्तिकर खात्याकडे 31 मेपर्यंत भरा, नाहीतर देणगीदाराची करसवलत अडकते आणि तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. परदेशी निधीच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका.

"बेघर आहेत तरी किती?" हा प्रश्न हमखास येतो. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. रात्री पुलाखाली फिरलेल्या कोणालाही हा आकडा कमीच वाटेल. दर लाख शहरी लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, हा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 मधल्या आदेशांनंतर रुजला. आपल्या शहराची लोकसंख्या घ्या, लाखाने भागा, चालू असलेले निवारे मोजा आणि ही तफावत प्रस्तावात एका ओळीत लिहा.

देणगीदार भेटीला आले की फोटोचा प्रश्न येतो. निवाऱ्यातली कितीतरी माणसं घरून निघून आलेली असतात, काही बायका मारहाणीतून सुटून आलेल्या. त्यांचा चेहरा वार्षिक अहवालात छापला जाणं धोक्याचं असू शकतं. मी आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला विचारते, आणि नको म्हणणाऱ्यांना भेटीच्या वेळी पुढे बसवत नाही. आजोबांनी मात्र स्वतःहून होकार दिला. फोटोत त्यांच्या हातात पासबुक आहे, श्रावणबाळचे पहिले 1500 रुपये जमा झाल्याची नोंद असलेलं पान उघडून धरलेलं. पुढच्या प्रस्तावाला मी तोच फोटो जोडला, खाली कार्यकर्त्याच्या सहा महिन्यांच्या पगाराचा आकडा लिहिला, आणि तो पगार मंजूर झाला.