या चुका टाळा: काम सांगितलं होतं, तरी राहिलं कसं?

आमचं कर सल्लागाराचं चार माणसांचं ऑफिस. जीएसटीचं रिटर्न दरमहा भरणाऱ्यांची ११ तारीख जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या तपशिलाची; २० तारीख ३बी ची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची. एकदा १९ तारखेला संध्याकाळी मी विचारलं, "त्या हार्डवेअरवाल्यांचं झालं ना?" असिस्टंट म्हणाली, "सर, तुम्ही 'जमलं तर बघ' म्हणाला होतात." म्हणालोच होतो. तिला जमलं नव्हतं.

'जमलं तर' आपण सौजन्यानं म्हणतो, ऐकणाऱ्याला ती सवलत वाटते. ३बी ला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, कर बाकी असेल तर वर १८ टक्के दरानं व्याज. सौजन्य आवाजात ठेवा, तारखेत नको.

२बी म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर येणारी यादी, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट. त्याचं काम आता मी असं सांगतो: "१४ तारखेला २बी आलं की खरेदीच्या बिलांशी ताडून बघ. जी बिलं त्यात दिसत नाहीत त्यांची यादी १६ ला दुपारपर्यंत मला दे. क्रेडिट कमी पडलं तर पार्टीला उरलेला कर रोख भरावा लागेल, पैशांची सोय करायला त्यांना दोन-तीन दिवस हवेत. रिटर्न मात्र मी बघितल्याशिवाय भरू नकोस." लांबलचक वाटतं खरं. पण कारण कळल्यापासून मोठी तफावत दिसली की ती यादीची वाट न बघता आधीच सांगायला येते. आणि कुठे थांबायचं हेही तिला माहीत असतं.

'आपण हे करून टाकू' हे तर खास मराठी दुखणं. यातला 'आपण' म्हणजे नक्की कोण? ऑफिसच्या ग्रुपवर असं टाकलं की सगळ्यांचे अंगठे येतात आणि काम तिथंच राहतं. नाव घ्या.

"येतं ना तुला?" असंही विचारू नका, उत्तर 'हो'च येणार. "सुरुवात कुठून करशील?" विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

वयानं मोठ्यांना सांगताना आपण फारच आडवळण घेतो. आमच्या जुन्या अकाउंटंट काकांना मी म्हणालो, "काका, एवढं जरा नजरेखालून घाला." पाच मिनिटांत कागद परत. "घातलं." बेरीज चुकलेलीच होती. आता सरळ सांगतो, "काका, बेरजा ताडून सही करा." रागावत नाहीत. आधी चष्मा शोधतात.