नवं पुस्तक घेण्याआधी घरातली वाचून काढायची, ती अशी

यवतमाळच्या (२०१९) किंवा वर्ध्याच्या (२०२३) साहित्य संमेलनातून आणलेली पुस्तकांची पिशवी अजून तशीच बांधलेली असेल, तर सुरुवात तिच्यापासून करा. मग माळा, लोखंडी पेटी, कोनाडा, पलंगाखालचं खोकं. सगळी पुस्तकं एकाच दिवशी एका जागी आली पाहिजेत. घरभर विखुरलेली असली की काय आहे आणि काय नाही हेच ध्यानात राहत नाही, आणि एकच पुस्तक दोनदा विकत आणलं जातं.

हे काम मिरग लागायच्या आत उरका. पुस्तकं ओसरीत सावलीला, पानं जराशी उघडी ठेवून उभी करा आणि दिवसभर वारा लागू द्या. मे महिन्याच्या उन्हात मात्र टाकू नका. पाठीचा डिंक तडकतो, कागद पिवळा पडून कडेने मोडायला लागतो. चंदेरी, तुरतुर पळणारी कसर दिसली तर मऊ ब्रशने झटकून काढा. मातीची बारीक नळी दिसली तर ती उधई, म्हणजे वाळवी. ते पुस्तक बाजूला ठेवा आणि भिंत तपासा, कारण उधई भिंतीतून नाहीतर जमिनीतून चढते. परत लावताना फळी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं दूर हवी. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कुडकुडीत वाळलेलाच घाला, ओलसर पाल्याने बुरशी धरते.

जुने दिवाळी अंक रद्दीत देऊ नका. पिना गंजून मधली पानं सुटतात, एवढंच त्यांचं दुखणं असतं. पिना काढा, अंक मधोमध उघडा आणि घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन टोकांपासून दोन-दोन बोटं आत. दोरा अंकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या. सुई आतल्या बाजूने मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, तिथून थेट खालच्या भोकातून बाहेर आणि शेवटी पुन्हा मधल्या भोकातून आत. आता आत एक लांब टाका दिसेल. दोऱ्याची दोन्ही टोकं त्याच्या दोन बाजूंना घेऊन त्याच्यावरच गाठ मारा. पानं परत हलत नाहीत. पाठ चिकटवलेल्या जाड अंकाला ही शिलाई चालत नाही, त्याला पाठीवर फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन रात्रभर वजनाखाली ठेवा.

मग शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पुस्तकाला एक ओळ: नाव, एकूण पानं, कुठवर वाचलं. घड्याळ लावून दहा मिनिटं नेहमीच्या गतीने वाचा आणि पानं मोजा. चार झाली, तर अर्ध्या तासाला बारा, म्हणजे १८० पानांचं पुस्तक पंधरा दिवसांत होतं. देव्हाऱ्यात कापडात बांधलेली ग्रामगीताही यादीत घ्या. तिचे ४१ अध्याय आहेत, रोज एक धरला तर दीड महिनाही लागत नाही. पहिलं पुस्तक मात्र शंभरेक पानांचंच निवडा. सर्वांत जाड ग्रंथापासून सुरुवात केली की पंधरवड्यात संकल्प मोडतो.

सोयाबीनच्या सोंगणीपासून पऱ्हाटीची (कपाशीची) शेवटची वेचणी होईस्तोवर कथा, लेख, दिवाळी अंक हेच वाचा. कादंबरीला या दिवसांत आठ-आठ दिवसांचा खंड पडतो, पात्रं विसरतात, माणूस पुन्हा पहिल्या पानावर जातो आणि दरवर्षी तीच पन्नास पानं वाचत बसतो. खंड पडलाच तर मागची पाच पानं चाळून घ्या आणि पुढे चला. पात्रांची नावं एका चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकातच ठेवा. जाड कादंबऱ्या एप्रिल-मेच्या दुपारांसाठी राखा, तेव्हा बारा ते चार कोणी वावरात जात नाही. ओलिताला रात्रीची लाईन (वीज) असेल तर बांधावर पुस्तक नेऊ नका. दिव्यावर किडे येतात, आणि पाणी भलतीकडे फुटलं तरी कळत नाही.

नवं पुस्तक हवंसं वाटलं की वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव आणि तारीख लिहा. तीन महिने झाले, तरी हवंसं वाटतंय आणि मधल्या काळात घरातली तीन वाचून झाली, तर खुशाल घ्या. ‘सवलत आजच आहे’ म्हणून घेतलेलं पुस्तकच बहुधा पिशवीत पडून राहतं, कारण वाचायला मिळणारा अर्धा तास काही सवलतीने वाढत नाही. मुलांच्या शाळेची आणि परीक्षेची पुस्तकं या नियमातून वगळा.

पन्नास पानांनंतरही मन लागलं नाही, तर पान क्रमांक लिहून पुस्तक बाजूला करा. दुसऱ्या वर्षीही तसंच वाटलं तर गावच्या वाचनालयाला द्या, पण आधी ग्रंथपालांना विचारून, नाहीतर ते तिथेही गठ्ठ्यातच पडेल. शेजारी कोणी वाचायला मागितलं तर जरूर द्या, फक्त देण्याआधी नाव आणि तारीख वहीत त्याच ओळीपुढे लिहा.