पोहण्याचा हौद रिकामा करताना या चुका टाळा

नौतपा लागला की माझा फोन वाजू लागतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यावरचे, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे हे नऊ दिवस. ग्वाल्हेरात तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, लू वाहत असते, मुलांना सुट्या असतात आणि वर्षभर हौदाकडे ढुंकूनही न पाहिलेल्या गृहस्थांना एकाएकी साक्षात्कार होतो की पाणी हिरवे झाले आहे, तेव्हा सगळे उपसून नवे भरावे. ‘काकू, जरा येऊन पाहता का?’ हा फोन मात्र हौद रिकामा झाल्यानंतर येतो. आमच्या घरचा हौद सासऱ्यांनी बांधला. तो सांभाळताना मी बऱ्याच चुका स्वतः केल्या, आणि उरलेल्या लश्कर-मुरार या इथल्याच भागांतल्या नातलगांनी व ओळखीच्यांनी करून दाखवल्या.

पाणी कधीतरी बदलावे लागते, हे खरे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल हौदात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यात त्याची पातळी रोज आठ मिलिमीटर उतरली, तरी अडीचशे लिटर पाणी हवेत गेले. हवेत जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात, आणि आपण वरून पुन्हा बोरिंगचे जड पाणी सोडतो. त्यात क्लोरीनच्या ज्या गोळ्या आपण वापरतो, त्यांतून सायन्युरिक ॲसिडही साठत जाते. ते उडून जात नाही आणि फिल्टरमध्येही अडकत नाही. ३० ते ५० पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात तेवढे भाग) ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण शंभराच्या पुढे गेले की क्लोरीन इतके सुस्त होते की गोळ्या टाकूनही शेवाळ धरते. तेव्हा पाणी बदलण्यावाचून साधा इलाज उरत नाही. ॲरिझोनासारख्या वाळवंटी मुलखात साधारण तीन ते पाच वर्षांनी पाणी बदलतात, आणि तेही थंडीच्या दिवसांत. आपली हवा वर्षातले तीन महिने तशीच असते, पण आपण नेमके तेच तीन महिने निवडतो.

नुसते हिरवे पाणी हे हौद रिकामा करण्याचे कारणच नव्हे. भिंती ब्रशने घासणे, रात्री क्लोरीनचा मोठा डोस देणे आणि चार-पाच दिवस फिल्टर चालू ठेवून तो रोज उलटा धुणे एवढ्याने बहुतेक पाणी निवळते. पण चार-पाच दिवस थांबायचे कोणी? पंप लावून पाणी उपसले की काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

आता त्या चुकीकडे येते, जी पाहून मी खरोखर थकले आहे. भर उन्हाळ्यात हौद तळापर्यंत कोरडा करणे. काही वर्षांपूर्वी मुरारच्या पलीकडे एका नव्या बंगल्यावर मला दुपारी तीनच्या सुमारास बोलावले होते. हौद आदल्या संध्याकाळीच उपसून ठेवलेला आणि सकाळपासून उघडा तापत पडलेला होता. तळावर अनवाणी पाय ठेवणे अशक्य होते. मी चपला घालून खाली उतरले आणि पिशवीतल्या पेचकसाची मूठ टाइलांवर ठोकत गेले. घट्ट बसलेली टाइल टणटणीत बोलते आणि सुटलेली भदभद वाजते. उथळ बाजूची जवळजवळ निम्मी फरशी भदभद वाजत होती. मी वर येऊन मालकांना म्हटले की संध्याकाळपर्यंत काही करू नका, ओले गोणपाट अंथरा आणि सावली करा. त्यांनी मान हलवली. मी गाडीपर्यंत पोहोचते न पोहोचते, तोच मागे बोरिंगचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. संध्याकाळी पाहुणे यायचे होते म्हणे. जमिनीखालचे गार पाणी त्या तव्यासारख्या तळावर पडले आणि टाइला एकेक करून टक् टक् आवाज करत उचलू लागल्या. मग त्याच हौदाच्या काठावर आम्ही दोघे काही न बोलता उभे राहिलो.

असे का होते, हे समजून घेतले तर ही चूक पुन्हा होणार नाही. हौदाचे प्लास्टर वर्षानुवर्षे ओले राहिलेले असते, ते उन्हात झपाट्याने सुकते आणि आकसते. वरची टाइल, तिच्यामागचा मसाला आणि खालचे काँक्रीट हे तिन्ही उन्हात सारखेच फुगत नाहीत, त्यामुळे सांधा आधीच ताणलेला असतो. अशा वेळी गार पाण्याचा झटका बसला की उरलासुरला धरही सुटतो. कारागिराने कितीही मन लावून काम केलेले असो, हा मार तो हौद सोसत नाही.

माझी सवय अशी आहे की पाणी बदलायचे ते महाशिवरात्र ते होळीच्या दरम्यान, आणि एका वेळी निम्मेच. निम्मे काढून भरले की जुने पाणी अर्धे उरते. काही दिवसांनी पुन्हा तेच केले की ते पावावर येते. एवढ्याने क्षारही आटोक्यात येतात आणि सायन्युरिक ॲसिडही, आणि हौदाचा तळ एक दिवसही उघडा पडत नाही. उन्हाळ्यात अगदी नाइलाजच झाला, तर सूर्य मावळल्यावर उपसायला सुरुवात करावी, उघड्या पडणाऱ्या भिंतींवर अधूनमधून पाणी मारावे आणि त्याच रात्री भरायला घ्यावे. दुरुस्तीसाठी हौद पूर्ण रिकामा करणे भागच असेल, तर ते काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढावे.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट, पावसाळा संपता संपता होणारी. आपण समजतो की रिकामा हौद म्हणजे निवांत पडलेला खड्डा. वस्तुतः भरलेल्या हौदाला त्यातले पाणीच जागेवर दाबून धरते. भोवतालच्या जमिनीतले पाणी तळाच्या एक मीटर वर चढलेले असेल, तर ते प्रत्येक चौरस मीटरला एक टनाने वर ढकलते. वर सांगितलेल्या हौदाचा तळ ३२ चौरस मीटरचा आहे, म्हणजे ३२ टन, आणि तेवढ्या हौदाच्या काँक्रीटचे वजनही साधारण तितकेच भरते. नाल्याजवळच्या एका घरी सप्टेंबरात हौद उपसला आणि दोन दिवसांत एक काठ चार बोटे वर आला. सोबत जमिनीतला पाइपही तुटला. तळाच्या जाळीखाली हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असेल तर तो खालचे पाणी आत घेऊन दाब सोडतो, पण तो वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहिलेला नसतो. मी त्याच्या भरवशावर राहत नाही. हौदाच्या कडेला तळाइतके खोल भोक पाडून त्यात दोरीला बांधलेले वजन सोडते, आणि दोरी ओली आली तर काम दिवाळीनंतर ढकलते. फायबरग्लासचा हौद असेल, तर कोणत्याही ऋतूत तो स्वतःहून पूर्ण रिकामा करू नये.

काही चुकांना एकेक ओळ पुरे. पाणी गाळणीच्या तोंडाखाली जाण्याआधी फिल्टरच्या पंपाची एमसीबी पाडा, नाहीतर तो कोरडा फिरून त्याचे सील जाळतो. पाण्यातला दिवा पाण्याबाहेर पेटवू नका. उपसलेले पाणी गल्लीत सोडू नका. आठवडाभर क्लोरीन बंद ठेवून आणि ते शून्यावर आल्याचे तपासून मगच झाडांना द्या, तेही कडुनिंबासारख्या दणकट झाडांना, गुलाबांना नव्हे. भरताना नळीचे तोंड जुन्या टॉवेलात गुंडाळून खोल बाजूला ठेवा आणि मध्येच थांबू नका, थांबलेल्या पातळीची रेघ भिंतीवर राहते.

पाणी कोठून आणायचे, याबद्दल माझे मत कडक आहे. शहराला तिघरा धरणाचे पाणी किती जपून पुरवावे लागते हे माहीत असताना उन्हाळ्यात नळाला पंप लावून हौद भरणाऱ्याला मी सल्ला देत नाही. टँकर घ्यायचा तर पाच हजार लिटरचे नऊ लागतात, आणि नवव्यापर्यंत पाणी एकाच बोरिंगचे असेल याची खात्री नसते. आपल्या बोरिंगचे पाणी घेत असाल, तर आधी त्याची कठीणता आणि लोह तपासून घ्या. लोह असलेल्या ताज्या पाण्यात क्लोरीनचा मोठा डोस टाकला की तासाभरात चहासारखा रंग येतो. हे मी आमच्याच हौदात केले आहे, आणि सासऱ्यांनी त्यावर एक शब्दही काढला नाही, हे जास्त लागले. आता मी आधी पाणी फिरवते, तुरटी देऊन रात्रभर पंप बंद ठेवते, बसलेला गाळ फिल्टरला बगल देऊन थेट बाहेर ओढते आणि मग क्लोरीन थोडे थोडे वाढवते.

रसायनांच्या बाबतीत मात्र सवयी आणि मते बाजूला ठेवते. गोळ्यांचे क्लोरीन आणि ब्लीचिंग पावडर किंवा दाणेदार क्लोरीन एकाच मगाने काढू नका, एका डब्यात ठेवू नका, एका फ्लोटरमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या तरंगत्या डबीत, घालू नका. ती एकत्र आली की भडका उडू शकतो, स्फोटही होतो. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू निघतो. ॲसिड नेहमी बादलीभर पाण्यात ओतायचे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. नोकराला ‘दोन्ही टाकून ये’ असे सांगून स्वतः आत जाऊन बसणाऱ्यांचा मला राग येतो.

हौद भरला की पंपात पाणी भरून तो चालू करा, पहिला दिवसभर फिल्टर सलग चालवा आणि दाबाच्या काट्याचा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. पीएच ७.२ ते ७.८, क्षारता ८० ते १२०, कॅल्शियमची कठीणता २०० ते ४०० आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम, हे आकडे एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी पाहा, कारण उन्हात पीएच चढला की चुना पाण्यातून बाहेर पडतो आणि टाइलांवर पांढरा पट्टा धरतो. दोन्ही वेळचे आकडे जुळले आणि काठावर उभे राहून खोल बाजूच्या तळाच्या जाळीचे स्क्रू मोजता आले, की मुलांना पाण्यात सोडा.