अमेरिकेतील हायस्कूल, अवघड विषय आणि कॉलेजप्रवेश : या चुका टाळा

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत मूल आठवीत गेले की दोन प्रश्न हमखास निघतात : नावाजलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घर घ्यावे का, आणि नववीपासून किती एपी विषय (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) घ्यावेत. शाळा जितकी अवघड तितका मोठ्या कॉलेजातील प्रवेश सोपा, अशी समजूत दोन्हींच्या मुळाशी असते. ती अर्धीच खरी आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळ्या देशाची एकच गुणवत्ता यादी लागते असे मनात धरणे. महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशासाठी सर्व मंडळांचे विद्यार्थी एका यादीत येतात, त्यामुळे कोणत्या मंडळात गुण सैल हाताने मिळतात हा वाद आपल्या ओळखीचा आहे. २००८ मध्ये त्यावर उपाय म्हणून आणलेले पर्सेंटाइल सूत्र (आपल्या मंडळातील इतरांच्या तुलनेत विद्यार्थ्याचे स्थान पाहणारे) थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. अमेरिकेतील निवडक, म्हणजे अर्जदारांपैकी थोड्यांनाच घेणारी, खासगी विद्यापीठे मात्र विद्यार्थ्याचा अर्ज त्याच्या शाळेच्या संदर्भात वाचतात. ट्रान्सक्रिप्टसोबत (विषय व श्रेणींचा अधिकृत उतारा) काउन्सेलर, म्हणजे शाळेतील मार्गदर्शक, शाळेचे परिचयपत्रकही पाठवतो; शाळेत कोणते ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या पातळीचे) व एपी विषय शिकवले जातात, श्रेणी कशा दिल्या जातात आणि किती मुले पुढे कॉलेजात जातात, याची माहिती त्यात साधारणपणे असते. शिवाय कॉमन ॲप या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात, या शाळेतील इतर मुलांच्या तुलनेत या विद्यार्थ्याने निवडलेले विषय कितपत अवघड आहेत, हे काउन्सेलरला नोंदवायचे असते. म्हणून पाचच एपी असलेल्या शाळेत चार घेणारी मुलगी, पंचवीस एपी असलेल्या शाळेत आठ घेणाऱ्या मुलापेक्षा आपोआप दुबळी ठरत नाही.

याच कारणाने केवळ प्रवेशाच्या आशेने अतिस्पर्धेच्या शाळेत जाणे अंगाशी येऊ शकते. थॉमस एस्पेनशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, बाकी गोष्टी समान असताना, हुशार मुलांची गर्दी असलेल्या शाळेतून आल्याने निवडक विद्यापीठांतील प्रवेशाची शक्यता काहीशी घटते. टेक्ससमध्ये तर मुलाला त्याच्याच शाळेतील मुलांशी ताडून पाहणे कायद्यातच आहे. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा २०२६ च्या प्रवेशापासून पाच टक्क्यांवर आली आहे. डॅलसच्या उपनगरातील चुरशीच्या शाळेत उत्तम श्रेणी मिळवूनही मूल या पाच टक्क्यांबाहेर राहू शकते. थेट प्रवेश विद्यापीठात मिळतो, हव्या त्या शाखेत नव्हे, हेही बहुतेकांना उशिरा कळते. घर घ्यायचेच असेल तर तिथले शिक्षक आणि मुलाची झेप पाहून घ्यावे, असे माझे मत आहे.

एपीत बी मिळालेला बरा की साध्या वर्गात ए, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. मुलाला ज्या क्षेत्रात जायचे आहे त्यातील अवघड विषय टाळणे महाग पडते. अभियांत्रिकीसाठी अर्ज करणाऱ्याने शाळेत उपलब्ध असलेले कॅल्क्युलस सोडू नये. पण जीपीए (सर्व श्रेणींची सरासरी) एपीला मिळणाऱ्या जादा गुणांनी फुगवण्यासाठी एपींची रास लावण्यात अर्थ नाही, कारण अनेक विद्यापीठे जीपीए स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ त्यासाठी दहावी-अकरावीच्याच श्रेणी धरते आणि जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांच्या विषयांनाच देते. वर्गातील श्रेणी आणि मे महिन्यातील एपी परीक्षेचे १ ते ५ गुण यांतही गल्लत होते. बारावीतल्या एपी परीक्षेचा निकाल जुलैत, म्हणजे प्रवेशाचे निर्णय झाल्यावर लागतो. त्या वर्षी अर्जाला उपयोग होतो तो वर्गातील श्रेणीचाच.

गाडी आधीच घसरली असेल, तर प्रथम घसरण कोणत्या विषयात आणि का झाली ते पाहावे. ऑक्टोबरातच एपी झेपत नसल्याचे दिसले, तर विषय बदलण्याची मुदत आणि ट्रान्सक्रिप्टवर राहणारी नोंद यांची काउन्सेलरकडे त्याच आठवड्यात चौकशी करावी. दहावीत सी मिळाला असेल, तर अकरावीत त्याच विषयाचा पुढचा वर्ग घेऊन चढती श्रेणी दाखवणे हा सर्वांत बोलका उपाय आहे. आजारपण, शाळाबदल किंवा दोन विषयांचे तास एकाच वेळी येणे अशी कारणे काउन्सेलरच्या पत्रात यायला हवीत. कॅलिफोर्निया विद्यापीठ सहसा असे पत्र मागत नाही, म्हणून तिथे ती अर्जातील अतिरिक्त माहितीच्या रकान्यात मुलाने स्वतः थोडक्यात लिहावीत. शाळेत एपीच नसतील, तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घेता येतो.

अर्ज पाठवल्यावर अवघड विषय गुपचूप सोडून देणे ही बारावीतली नेहमीची चूक आहे. कॉलेजे वर्षाच्या मध्याचा अहवाल आणि अखेरचे ट्रान्सक्रिप्ट मागवतात. अर्जात लिहिलेला विषय तिथे नसला किंवा श्रेणी कोसळल्या, तर दिलेला प्रवेशही मागे घेतला जाऊ शकतो. विषय सोडणे अटळच असेल, तर आधी काउन्सेलरशी बोलावे आणि अर्ज केलेल्या प्रत्येक विद्यापीठाला लेखी कळवावे.