पाषाण-दिघीला जाण्याआधी

संशोधनाच्या कामासाठी डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळेची पहिली भेट ठरली, की तरुण प्राध्यापक लगेच पीपीटी करायला बसतात. ती राहू द्या. आधी गेटपासचं बघा. सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती वेळेत पाठवा, आणि गटात परदेशी विद्यार्थी असेल तर तारीख ठरतानाच सांगा. मोबाइल, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह गेटवरच ठेवावे लागतील असं धरून चाला. साधी वही न्या, तीही आत चालेल का ते विचारून.

कुठे चाललोय हेही पक्कं करा. पुण्यात यातल्या बऱ्याच प्रयोगशाळा आहेत. पाषाणची एआरडीई म्हणजे तोफा, दारूगोळा, पिनाका रॉकेट. दिघीच्या आर अँड डीईत 'सर्वत्र'सारखे लष्करी पूल. सुतारवाडीच्या एचईएमआरएलमध्ये स्फोटकं आणि रॉकेटचं प्रणोदक, म्हणजे त्याला पुढे ढकलणारं इंधन. वाहनांचं काम असेल तर अहिल्यानगरची व्हीआरडीई.

खरा वेळ द्यायचा तो उपकरण वापरणाऱ्या जवानाच्या परिस्थितीला. सियाचीनला पारा उणे 50 पर्यंत उतरतो, थारमध्ये उन्हाळ्यात 50 च्या आसपास चढतो, आणि पुष्कळदा उपकरण दोन्हीकडे तेच लागतं. थंडीत लिथियम-आयन बॅटरीची क्षमता घटते, ग्रीस घट्ट होतं, रबरी सील कडक पडून गळू लागतं, एलसीडीवरचा आकडा रेंगाळत बदलतो. जाड हातमोजे घालून, दिवा बंद करून तुमच्या प्रोटोटाइपची बॅटरी बदलून बघा. स्क्रू बारीक असेल तर तो खाली पडणारच, आणि बर्फात पडलेला स्क्रू सापडत नाही. जेएसएस 55555 हे चाचण्यांचं मानक चाळून जा: कंपन, आदळआपट, धूळ, खारी हवा, बुरशीसुद्धा. माझ्या मते एवढी तयारी केलेल्या माणसाचा पहिलाच प्रश्न वेगळा असतो, आणि समोरचे शास्त्रज्ञही मग मोकळेपणाने बोलतात.

पीएचडीचा विद्यार्थी जोडणार असाल, तर प्रबंधात काय छापता येईल, पेपरला मंजुरी कोण देणार आणि पेटंट कुणाच्या नावावर, हे पहिल्याच बैठकीत विचारा. यात संकोच अजिबात नको. चार वर्षांनी पेपर अडकला तर नुकसान त्या पोराचं होतं.

परतल्यावर लगेच प्रस्ताव लिहू नका. त्यांची अडचण आपल्या शब्दांत एका पानावर मांडा, गोपनीय काही न घालता, आणि 'हेच म्हणायचं होतं ना?' असं विचारून त्यांच्याकडे पाठवा. उत्तर आलं, की निधीचं बघता येईल.