लेखनाचा अभ्यासक्रम निवडण्याआधी: वेगवेगळ्या वयांच्या मुलांसाठी तयारीची यादी

अभ्यासक्रमांचे नमुने मागवण्याआधी मुलांच्या वह्या हाताशी घ्या. प्रत्येक मुलाची तीन पानं पुरतात: एक त्याने आपल्या मनाने लिहिलेलं, एक दिलेल्या विषयावरचं आणि एक नुकत्याच वाचलेल्या मजकुराबद्दलचं. मोठ्यांनी सुधारून दिलेली प्रत नको, खाडाखोड असलेली पहिलीच हवी. पानावर तारीख घाला. मग एखादा सोपा विषय देऊन मुलाला त्यावर आधी बोलू द्या आणि नंतर लिहू द्या. बोलताना भरभरून सांगणारं मूल कागदावर दोन ओळींत थांबत असेल, तर त्याला सुचत नाही असं समजू नका. अक्षरं काढण्यात आणि शब्द शुद्ध लिहिण्यातच त्याची सगळी शक्ती जाते आहे. बोलतानाही ते दोन वाक्यांत थांबत असेल, तर त्याला आधी भरपूर वाचून दाखवायला हवं, गप्पा मारायला हव्यात, सांगण्यासारखं काही मिळायला हवं. दोघांचं वय एकच असलं, तरी दोघांना एकच पुस्तक लागू पडणार नाही. घाईत नेमकी हीच पायरी वगळली जाते, म्हणून मी ती सर्वांत वर ठेवते.

आता मुलांचे गट करा, पण इयत्तेप्रमाणे करू नका. पानं शेजारी शेजारी ठेवली की गट आपोआप दिसू लागतात. सुरुवातीच्या गटाचा प्रश्न हाताचा असतो. लिहिणाऱ्याला अक्षराचं वळण, ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर आणि वाक्याचा अर्थ हे सगळं एकाच वेळी ध्यानात धरावं लागतं, आणि एका वेळी ध्यानात धरण्याची आपली क्षमता मर्यादित असते. वळण आणि शुद्धलेखन सवयीचं होईपर्यंत विचारांना जागा उरत नाही. म्हणून लहानांचा अभ्यासक्रम पाहताना एकच शोधा: हाताचं काम आणि रचनेचं काम त्यात वेगळं ठेवलं आहे का? गिरवणं, अनुलेखन, छोटं श्रुतलेखन एका बाजूला. तोंडी गोष्ट रचणं आणि मोठ्या माणसाने ती लिहून घेणं दुसऱ्या बाजूला. सहा वर्षांच्या मुलाकडून पानभर निबंध मागणारं पुस्तक कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवा.

मधल्या गटाची मुलं लिहितात पुष्कळ, पण आठवेल तसं, 'मग' आणि 'आणि' यांनी जोडत. कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया या संशोधकांनी 1987 मध्ये या प्रकाराला माहिती सांगत जाणं म्हटलं आणि अनुभवी लेखक लिहिता लिहिता स्वतःचा विचारच बदलत जातो, तो प्रकार वेगळा दाखवला. एका प्रकारातून दुसऱ्यात जायला वर्षं लागतात, आणि नुसते विषय देत राहिल्याने ते घडत नाही. या गटासाठी वाक्यावर काम करणारा अभ्यासक्रम घ्या, असा माझा आग्रह आहे. 'पाऊस आला. आम्ही आत गेलो. खेळ अर्धा राहिला.' या तीन वाक्यांचं 'पाऊस आल्यामुळे खेळ अर्धा टाकून आम्ही आत गेलो' असं एक वाक्य करणं हा साधा सराव वाटतो, पण त्यातून मूल कारण आणि परिणाम यांची सांगड घालायला शिकतं. त्यानंतर परिच्छेद, आणि मग एकाहून जास्त परिच्छेदांचा लेख.

मोठ्या मुलांसाठी सारांश, युक्तिवाद आणि दोन वेगवेगळ्या स्रोतांतली माहिती पडताळून लिहिणं आलंच पाहिजे. मात्र मोठ्या मुलाच्या पानावर वाक्यच डळमळीत दिसलं, तर त्याला निःसंकोचपणे वाक्यापासून सुरू करू द्या. फक्त मजकूर त्याच्या वयाचा हवा, लहानांच्या चित्रांचं पुस्तक नको.

इतकं झालं की अभ्यासक्रम उघडा, आणि पहिला पाठ वगळून मधलाच कुठलातरी काढा. पहिला पाठ सगळेच नीट लिहितात. मधल्या पाठात विषय दिल्यापासून लेख पूर्ण होईपर्यंत काय घडतं ते बोट ठेवून पाहा. 'पुढील विषयावर दहा ओळी लिहा' एवढंच असेल, तर ते पुस्तक लेखनाची परीक्षा घेतं, लेखन शिकवत नाही. लेखन कसं शिकवावं यावर संशोधन करणाऱ्या कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम यांच्या पद्धतीत शिक्षक मनातले विचार मोठ्याने बोलत मुलांसमोर लिहितो, मग सगळे मिळून लिहितात, आणि आधार हळूहळू काढून घेतला की मूल एकट्याने लिहितं. नाव कोणतंही असो, हा क्रम पुस्तकात सापडला पाहिजे. ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरील अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा आखणी, सुधारणा आणि सारांश यांच्या रीती उघडपणे शिकवण्याचा परिणाम सर्वांत मोठा निघाला. मुलांनी मिळून लिहिण्याचा आणि वाक्यं जोडण्याच्या सरावाचाही चांगला उपयोग दिसला. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा परिणाम मात्र उलटा होता. तेव्हा व्याकरणाच्या कार्यपत्रिकांनी जाडजूड झालेला संच पाहून भारावून जाऊ नका. व्याकरण हवंच, पण मुलाच्या स्वतःच्या वाक्यात.

पहिल्या मसुद्यानंतर काय, हेही तपासा. पुनर्लेखनासाठी वेगळा दिवस ठेवला आहे का? ते केवळ चुका दुरुस्त करून सुवाच्य प्रत काढण्यापुरतं तर नाही ना? शिक्षक-मार्गदर्शिकेत मुलांच्या लेखनाचे खरे नमुने, कच्चे आणि चांगले दोन्ही, दिलेले असावेत आणि प्रत्येकाला काय सांगावं याचं मार्गदर्शन असावं. एका लेखावर एक-दोन गोष्टीच सांगायच्या असतात. लाल शाईने भरलेलं पान मूल वाचतच नाही.

वेळेचा हिशेब इथेच मांडा. अमेरिकेच्या शिक्षण खात्यातील संशोधन संस्थेने 2012 मध्ये प्राथमिक शाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिलीपासून रोज एक तास लेखनाला द्यावा, असं म्हटलं आहे: अर्धा शिकवण्याला, अर्धा सरावाला. सराव इतर विषयांच्या तासातही चालतो. तीन गटांना रोज तीन स्वतंत्र पाठ देणं एका माणसाला झेपत नाही, म्हणून एकाच विषयावर वेगवेगळी अपेक्षा ठेवता येईल असा अभ्यासक्रम शोधा. विषय मुंग्यांचा असेल, तर लहान मूल चित्र काढून दोन वाक्यं सांगेल आणि त्यातलं एक उतरवून घेईल. मधलं मूल मुंग्या अन्न कसं वाहून नेतात यावर परिच्छेद लिहील. मोठं मूल दोन लेख वाचून त्यांत कुठे एकमत आहे आणि कुठे फरक आहे ते मांडेल. वाचन आणि चर्चा एकत्र, लेखन वेगळं. मोठ्या मुलांनी लहानांचं ऐकून लिहून घेणं दोघांच्याही फायद्याचं असतं, पण ती मोठ्यांची रोजची जबाबदारी होऊ देऊ नका. त्यांनाही त्यांचं लेखन वाचणारं कुणी हवं.

ज्या मुलाला हाताने लिहिणं सातत्याने त्रासाचं जातं, त्याच्यासाठी सांगून लिहून घेण्याची किंवा टंकलेखनाची मोकळीक पाठातच आहे ना, हे विचारून घ्या, आणि त्रास टिकून राहिला तर तज्ज्ञांना दाखवा.

खरेदी शेवटी, आणि तीही थोडीच. सगळ्या वर्षांचा संच एकदम घेऊ नका. आधी शिक्षक-मार्गदर्शिका आणि प्रत्येक गटाला एक पातळी घ्या. पातळी ठरवण्याची चाचणी असेल तर ती नक्की घ्या, पण तिचा निकाल आणि वहीतली पानं यांत विसंगती दिसली तर पानांवर विश्वास ठेवा. दोन पातळ्यांमध्ये मन अडखळलं तर खालची निवडा: पुढे उडी मारणं सोपं असतं, खाली उतरवलेलं मात्र मुलाला लागतं. एखादा गट काही महिन्यांनी अडून बसला, तर सगळा अभ्यासक्रम बदलण्याआधी फक्त त्या गटाची पातळी बदलून पाहा.