धरणकाठचा बंद पडलेला छोटा एसटीपी पुन्हा कसा सुरू करावा

पवना, मुळशी, पानशेत अशा धरणांच्या काठी रिसॉर्ट आणि बंगल्यांचे 10-20 हजार लिटर क्षमतेचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट असतात. असा प्लांट वर्ष-दोन वर्षं बंद राहिला की मालक आधी ब्लोअरवाल्याला (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या मेकॅनिकला) फोन करतो. खरं तर आधी बघायचं ते टाकीखालचं पाणी.

धरण भरलं की काठावरच्या जमिनीतलं पाणीही चढतं. तळ 5 बाय 4 मीटरचा असेल आणि भूजल तळापासून 2 मीटर वर असेल, तर खालून सुमारे 40 टनांची उचल बसते. त्या वेळी टाकी उपसून रिकामी केली, तर काँक्रीटची टाकी तडकू शकते आणि एफआरपीची (फायबरची) चक्क होडीसारखी वर येते. म्हणून टाकीशेजारी तळाच्या खोलीपर्यंत बोअर घ्या, छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप त्यात सोडा आणि पातळी मोजा. उपसण्याचं काम एप्रिल-मेमध्ये, धरण खाली गेल्यावर काढा. मधली भिंत दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या भरवशावर उभी असू शकते, त्यामुळे उपसताना आणि भरताना कप्प्यांची पातळी बरोबरीने ठेवा.

गाळ सक्शन गाडीनेच काढायचा. माणूस आत उतरवायचा नाही. 2013 च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे. जुना गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ याला काही अर्थ नाही. झाकणं उघडी ठेवा, काठावरही गॅस मीटर वापरा, विडी-सिगारेट लांब.

आता बायपास, म्हणजे प्लांट टाळून सांडपाणी थेट बाहेर सोडणारी वाट शोधा. बंद प्लांटला तलावाकडे गुपचूप जाणारा एखादा पाइप बहुधा असतोच. तो आधी कायमचा बुजवा, नाहीतर पुढची सगळी मेहनत त्याच वाटेने वाहून जाईल.

मोटारींचं इन्सुलेशन 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासा. 1 मेगओहमपेक्षा कमी आलं तर वाइंडिंग वाळवल्याशिवाय चालू करू नका. ब्लोअरचं तेल आणि बेल्ट बदला, हाताने फिरवून बघा. लोब ब्लोअर डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून कधीच सुरू करायचा नाही. एरेशन टाकीत (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) डिफ्यूझरच्या, म्हणजे तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या छिद्रांच्या रबरी भागांच्या वर फूटभर स्वच्छ पाणी घेऊन हवा सोडा. बारीक, सारखे बुडबुडे आले तर ठीक. एका जागी उकळी फुटल्यासारखं दिसलं तर तिथलं रबर फाटलंय; जिथे काहीच नाही तिथे छिद्रं बुजलीत. सगळे डिफ्यूझर एकदमच बदलावेत, कारण नवे-जुने मिसळले की हवा सारखी वाटली जात नाही.

यानंतर बी, म्हणजे सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू. शेणाच्या पाट्या ओतायची पद्धत आहे, पण शेणातला चोथा तरंगत राहतो आणि पंप अडकवतो. चालू एसटीपीचा ताजा रिटर्न स्लज, म्हणजे सेटलिंग टाकीत (गाळ खाली बसायच्या टाकीत) बसून एरेशन टाकीत परत पाठवला जाणारा जिवंत गाळ आणा. तो 8,000 मिलिग्रॅम प्रति लिटरचा असेल, तर 5,000 लिटरच्या टँकरमधून 40 किलो कोरडा ऐवज मिळतो, म्हणजे 20 घनमीटर टाकीत 2,000 मिलिग्रॅम प्रति लिटर. सुरुवातीला हे पुरे. टँकर आला की लगेच हवा सुरू करा. विरघळलेला ऑक्सिजन 2 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास ठेवा.

पहिला आठवडा पाव भागच सांडपाणी घ्या, मग दोन-तीन आठवड्यांत पूर्ण भारावर या. पांढरा फेस आला तर घाबरू नका, गाळ कोवळा आहे. तपकिरी, चिकट थर आला तर किचनचा ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारा कप्पा) बघा. रोज लिटरच्या जारमध्ये एरेशन टाकीतला नमुना 30 मिनिटं ठेवा. 200-300 मिली गाळ बसला आणि वर नितळ पाणी राहिलं की प्लांट लागला. बसलेला गाळ तासा-दोन तासांत बुडबुड्यांसह वर आला, तर सेटलिंग टाकीत तो जास्त वेळ पडून राहतोय, रिटर्न वाढवा.

नितळ पाण्यातही फॉस्फरस उरतोच आणि तलावात शेवाळ, जलपर्णी त्यावरच पोसते. शिवाय जंतू मारायला शेवटी क्लोरीन घातलं असेल, तर उरलेलं क्लोरीन माशांना मारतं. म्हणून पाणी बागेला द्या आणि पावसाळ्यात बाग ते घेणार नाही, त्या दिवसांसाठी साठवण टाकी आधीच बांधून ठेवा.